दिवा किती वेळ थांबतो

नाशिक रोड,
७ जुलै १९८६

ती. आक्कांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून उत्तर राहिलं. आता एक-दोन गोष्टी आहेत.

मागच्या आठवड्यात नाट्यमंडळाचे खंडेराव घरी आले होते. सरोजिनी ज्या नाटकात काम करत होती तेच नाटक ते या वर्षी स्पर्धेत उतरवत आहेत. मागच्या वर्षी ती गेल्यावर त्यांनी मंडळाचं नाव मागे घेतलं होतं. म्हणाले, "दिवाकरराव, तुमची हरकत असेल तर दुसरं बसवतो. पण मंडळी याच नाटकाचं नाव घेतात." मी हरकत नाही म्हणालो. मग ते बराच वेळ बसले. चहा मीच केला. साखर फार पडली होती, पण त्यांनी सगळा प्यायला.

दुसरी गोष्ट अशी की रविवारचा वर्ग सुरू झाला. ही कल्पना सरोजिनीची होती. संस्थेत मी रेडिओदुरुस्ती शिकवतो, त्यावर ती म्हणायची, "रेडिओ काय, कुणीही दुरुस्त करील. रंगमंचावर पहाट कशी करायची ते शिकवा ना लोकांना." प्राचार्यांनी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा वापरायला परवानगी दिली. नाटकाची, ऑर्केस्ट्राची, मंडपाची कामं करणारी आठ-नऊ माणसं काल आली. त्यांना आमच्या दिव्यांच्या यंत्राचं कुतूहल आहे.

ते यंत्र तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून थोडं लिहितो. पूर्वी विंगेत एक माणूस बसायचा आणि चाक फिरवून दिवे मंद करायचा. मागच्या वर्षी मी मायक्रोप्रोसेसर वापरून एक पेटी केली. कोणता दिवा केव्हा मालवायचा आणि किती सावकाश, हे एका चिपमध्ये आधीच भरून ठेवायचं. प्रवेश सुरू झाला की एकदा बटण दाबायचं. पुढचं सगळं ती पेटी ठरलेल्या वेळेनं करत जाते. काल मी ती चिप वर्गात फिरवली. सिन्नरच्या कारखान्यातले धोंडीराम म्हणून एक जण आहेत, ते म्हणाले, "सर, हे तर झुरळ हे! पाय बघा किती." आता सगळा वर्ग तिला झुरळच म्हणतो.

स्पर्धा डिसेंबरात आहे. तुम्ही प्रयोगाला यावं असं मला मनापासून वाटतं.

आईंना जयभीम सांगा.

आपला,
दिवाकर


कळवण,
२० जुलै १९८६

श्री. दिवाकरराव यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र म्हणजे संस्थेचा अहवाल. चहात साखर फार पडली एवढीच एक बातमी मला कामाची मिळाली. आई रोज विचारते, "दिवाकर कसा शे? जेवस का बराबर?" मी जेवतात म्हणून सांगते. खरं काय ते तुम्हीच कळवा.

वर्ग सुरू केलात ते फार चांगलं झालं. सरू गेल्यापासून तुमच्या पत्रात दुसऱ्या माणसाचं बोलणं पहिल्यांदा आलं. तुमच्या झुरळवाल्या धोंडीरामांना माझा नमस्कार सांगा.

प्रयोगाला मात्र मी येणार नाही. राग मानू नका. माझ्या पाठच्या बहिणीच्या जागी उभी राहून सरूची वाक्यं म्हणणारी दुसरी बाई मला बघवणार नाही. तुम्हाला कसं बघवतं तेही मला कळत नाही. पुरुषांचं वेगळं असेल. कोण करतंय तिचं काम?

इथे शाळेत नव्या खोलीचं काम रखडलंय, दोन वर्ग व्हरांड्यात बसवते. बाकी ठीक.

तुमची,
लतिकाआक्का


नाशिक रोड,
११ ऑगस्ट १९८६

ती. आक्कांस,
सप्रेम जयभीम.

जेवण व्यवस्थित चालू आहे. भात आता जमतो. भाकरी जमत नाही, ती शेजारच्या सुमनबाई देतात. आईंना सांगा.

सरोजिनीचं काम सिंधू म्हणून एक मुलगी करते आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला आहे. खंडेराव तिला "नंबर प्लीज" म्हणून हाक मारतात. ती माझ्या वर्गालाही येते. म्हणाली, "दिवे लावणारा माणूस काय करतो ते कळलं तर मला उजेडात नीट उभं राहता येईल." वर्गात हुशार आहे. तिने केलेला तारेचा जोड पहिल्या वेळीच घट्ट बसतो.

तालमीत मात्र अडचण आहे. शेवटचा प्रवेश तुम्हाला माहीत नसेल. मुलगा आईला शहरात न्यायला आलेला असतो. घर कायमचं बंद करायचं असतं. ती एकटी चार कंदील एकेक करून मालवते आणि प्रत्येक कंदिलापाशी एक वाक्य बोलते. कंदिलात बल्ब आहेत. तिने हात लावल्यासारखं करायचं आणि त्याच क्षणी पेटीने तो कंदील व त्याच्याभोवतीचा उजेड मंद करायचा.

काल सिंधू पहिल्या कंदिलापाशी गेली, वाक्य बोलली, हात लावला आणि पुढे निघून गेली. कंदील जळतच राहिला. ती दुसऱ्यापाशी पोहोचली तेव्हा मागे पहिला विझला. विंगेतून धोंडीराम ओरडले, "ताई, बिल वाढंल, बंद करून जा!" सगळे हसले. तीही हसली, पण मग माझ्याकडे बघून परत पहिल्या कंदिलापाशी गेली.

चूक तिची आहे. ती घाईने चालते. त्या प्रवेशात कंदिलापाशी थांबावं लागतं. सरोजिनी थांबायची. मी सिंधूला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सर, किती थांबू?" मी म्हणालो, दिवा विझेपर्यंत. ती म्हणाली, "पण तोवर मी करू काय?"

तुम्ही यायचा विचार पुन्हा करावा.

आपला,
दिवाकर


कळवण,
२५ ऑगस्ट १९८६

श्री. दिवाकरराव यांस,
सप्रेम जयभीम.

रागावणार नसाल तर एक लिहिते. तुम्हाला त्या मुलीच्या चालीचा राग नाही. ती तिथे उभी आहे याचा राग आहे. माझ्या वर्गात एखादी मुलगी गाव सोडून गेली की तिच्या बाकावर बसणाऱ्या नव्या मुलीला बाकीच्या असंच छळतात. हिचं अक्षरच वाईट, हिला पाढेच येत नाहीत. मी त्यांना दम देते. तुम्हाला कोण दम देणार, म्हणून मी देते. त्या पोरीशी नीट वागा. "तोवर मी करू काय" हा प्रश्न काही वेड्या मुलीचा नाही.

आणि मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण बाई चालेल तसा दिवा चालायला हवा ना? बाईने दिव्याच्या तालावर चालायचं हे कुठलं शास्त्र? तुम्ही वर्गात हेच शिकवता का? सांगा की तुमच्या झुरळाला, जरा लवकर आटप म्हणावं.

एक विचारायचं आहे. सरू कंदिलापाशी थांबायची असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे कशी थांबायची? जरा नीट लिहा.

आईचे गुडघे पावसामुळे धरलेत. बाकी ठीक.

तुमची,
लतिकाआक्का


नाशिक रोड,
१५ सप्टेंबर १९८६

ती. आक्कांस,
सप्रेम जयभीम.

तुमचा दम पोचला. सिंधूशी मी कधी आवाज चढवून बोललो नाही, पण तुम्ही लिहिता त्यात काही तथ्य असेल.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहितो. चिपमध्ये ज्या वेळा भरल्या आहेत त्या सरोजिनीच्या आहेत.

मागच्या वर्षी आम्ही ते काम घरीच केलं. स्वयंपाकघरात चार तांबे मांडायचो. एक ओट्यावर, एक खिडकीत, एक दाराशी, एक स्टुलावर. ते कंदील. ती त्यांच्यामधून चालायची, वाक्यं बोलायची, आणि मी घड्याळ धरून वेळा टिपायचो. मग यंत्रात भरायचो. पुन्हा चालून बघायची. सुरुवातीला ती बेताने थांबायची. पुढे दर आठवड्याला थांबणं वाढत गेलं. मी वेळ वाढवत गेलो. मला वाटलं, भूमिका तिच्यात मुरते आहे. खंडेरावही सगळ्यांना सांगायचे, "सरोजिनीबाईंकडे बघा, त्या दिवा मालवत नाहीत, त्याचा निरोप घेतात." तिसऱ्या कंदिलापाशी तर ती अर्धं वाक्य बोलून थांबायची. हात कंदिलावर टेकलेला, मान खाली. मग उरलेलं वाक्य अगदी हळू यायचं. तालमीत त्या वेळी कुणी खोकतसुद्धा नसे.

तिच्या साड्या आहेत, फोटो आहेत. पण ते जागचे हलत नाहीत. ही एकच गोष्ट अशी आहे की बटण दाबलं की तिच्या वेगाने चालायला लागते. स्पर्धेत लोकांसमोर ती एकदा तरी या वेगाने चालावी, एवढंच मला हवं आहे. म्हणून मी तुम्हाला या म्हणत होतो. हे खंडेराव सोडून कुणाला माहीत नाही.

काल त्यांनी मला बाजूला घेतलं. "दिवाकरराव, मला सगळं समजतं. पण पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटतं तिला काम येत नाही. चिपमधल्या वेळा बदला, नाहीतर मी जुना चाक फिरवायचा डिमर आणतो." मी म्हणालो, मग पेटी घरी घेऊन जातो. ते म्हणाले, "नेऊ नका हो. दिवाळीपर्यंत विचार करा." पेटी नाही म्हणजे वर्गही नाही, कारण माणसं तिच्यासाठीच येतात. हे सगळं मोडलं तर मोडो, असं काल मला वाटत होतं. आज तितकं वाटत नाही, पण वेळा बदलायला हात होत नाही.

ऑक्टोबरात तिच्या वर्षाच्या वंदनेला तुम्ही व आई येणार आहातच. तेव्हा मी तुम्हाला यंत्र चालवून दाखवीन.

आपला,
दिवाकर


कळवण,
१३ ऑक्टोबर १९८६

श्री. दिवाकरराव यांस,
सप्रेम जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. आईला गाडीत थोडी मळमळ झाली, आता बरी आहे.

जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते आहे. वंदना झाली, माणसं जेवून गेली, आणि तुम्ही मला आतल्या खोलीत नेऊन ती पेटी चालवलीत. टेबलावर चार बल्ब लागले. पहिला मंद होत होत गेला. दुसरा गेला. तिसरा जळतच राहिला. तुम्ही बल्बकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यायला म्हणून उठून गेले. मला रडू आलं असं तुम्हाला वाटलं असेल. नुसतं तेवढं नव्हतं.

दिवाकरराव, सरू थांबायची ती दमायची म्हणून.

बारा वर्षांची असताना तिला सांधे धरणारा ताप आला होता, आणि त्यात हृदयाची झडप बिघडली. लग्नाच्या वेळी आमच्या आबांनी तुम्हाला "जरा जपायचं" एवढं सांगितलं होतं. तेव्हा डॉक्टरही तेवढंच म्हणत. पण गेल्या वर्षी पावसाळ्यात ती इकडे आली तेव्हा आमच्या दारच्या पायऱ्या चढताना दोनदा बसली. ओठ निळे पडले होते. मी म्हटलं, मी आजच दिवाकररावांना पत्र टाकते. तिने माझा हात धरला. म्हणाली, "आक्का, तू सांगशील तर ते नाटक बंद करतील. आणि त्यांचं चुकेल असंही नाही. पण डिसेंबर होऊ दे गं. मग मुंबईला जाऊन दाखवून येते. हे नाटक मला करायचंय." एवढं एकच तिने माझ्याकडे कधी मागितलं. मी कबूल झाले. डिसेंबर आलाच नाही.

मी तिला विचारलं होतं, इथे चार पायऱ्या होत नाहीत, मग स्टेजवर तुझं कसं होतं? तेव्हा ती हसली. जशी बोलली तसं लिहिते. "तिथे बरं असतं. मी थांबले की दिवा थांबतो. कंदिलावर हात टेकून श्वास घेते. सगळ्यांना वाटतं, काय अभिनय करते! आणि ते दर आठवड्याला वेळ वाढवून देतात. मला मागावंसुद्धा लागत नाही."

हे तुम्हाला कधीच कळू नये असं मी ठरवलं होतं. तुमचं सप्टेंबरचं पत्र वाचूनही ठरवलं होतं. पण घरी येताना गाडीत त्या सिंधूचा विचार डोक्यातून जाईना. मी तिला पाहिलेलं नाही. पण एका धडधाकट मुलीला तुम्ही सरूची धाप शिकवताय, आणि ती येत नाही म्हणून ती रडते आहे. सरूला हे आवडलं नसतं. तिला त्या मुलीचं चालणं आवडलं असतं.

तुमचं मन दुखावलं असेल. मला बोल लावायचा असेल तर लावा. पण लिहा.

तुमची,
लतिकाआक्का


कळवण,
५ नोव्हेंबर १९८६

श्री. दिवाकरराव यांस,
सप्रेम जयभीम.

दिवाळी झाली. तुमचं पत्र नाही. आई रोज पोस्टमनची वाट बघते आणि मला विचारते, मी काय सांगू? निदान दोन ओळी टाका. रागाच्या असल्या तरी चालतील.

लतिकाआक्का


नाशिक रोड,
२४ नोव्हेंबर १९८६

ती. आक्कांस,
सप्रेम जयभीम.

मी रागावलेलो नाही. पत्र लिहायला बसत होतो, पण जयभीमच्या पुढे जात नव्हतो.

तुमचं पत्र आल्यावर काही दिवस मी पेटी उघडली नाही. मग एकदा घरी चालवली. तिसरा बल्ब जळत राहिला आणि मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. मागच्या वर्षीही तो येत असणार. मी घड्याळाकडे बघत होतो. बल्ब विझेपर्यंत मला बसवलं नाही. मी वायर काढली.

तिने तुम्हाला सांगितलेलं वाक्य, वेळ मागावा लागत नाही हे, मी पुष्कळदा वाचलं. त्याचा आधार वाटतो. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, असं मला अजून म्हणवत नाही. पण न सांगण्यापेक्षा बरं, एवढं म्हणतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी वर्गात चिप पुसायचा धडा घेतला. चिपला वर एक काचेची लहान खिडकी असते. तिच्यावर काळी पट्टी लावलेली असते. ती काढून चिप अतिनील दिव्याखाली ठेवली की आतलं सगळं जातं. हवं तेवढंच पुसता येत नाही, चिप पूर्ण कोरी होते. खंडेराव आले होते. ते हळूच म्हणाले, "ही राहू द्या हो. मंडळ दुसरी घेईल." मी त्याचाही विचार केला होता. ठेवली असती तर मी ती चालवत बसलो असतो. तिचं दमणं रोज नव्याने घडवून आणण्यासारखं ते झालं असतं. मी पट्टी काढली आणि चिप अतिनील दिव्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. वर्गाला काही माहीत नव्हतं. मंडपवाल्यांनी विचारलं, "धूर येतो का, सर?" मी म्हणालो, काहीही दिसत नाही, वासही येत नाही.

वर्ग सुटल्यावर सिंधू थांबली. तिला मी सांगितलं. फार नाही, पण मुख्य ते सांगितलं. ती हातातली पक्कड उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "सर, मला वाटायचं मलाच काम येत नाही." मी म्हणालो, तुमची चूक नव्हती, माझी समजूत चुकीची होती. ती म्हणाली, "बाई छानच करत असणार, नाही का? दम लागला असताना कुणाला कळू दिलं नाही." मी हो म्हणालो. मला तसा विचार सुचला नव्हता.

तुम्ही ऑगस्टात विचारलं होतं की बाई चालेल तसा दिवा चालायला नको का. तेच आता वर्गात शिकवतो आहे. प्रत्येक कंदिलाच्या कडीत एक बारीक बटण बसवलं. सिंधूचा हात तिथे पडला की तारेतून पेटीला कळतं, आणि मग तो कंदील मंद होतो. तोवर पेटी गप्प बसून राहते. यात चिपमध्ये वेळ भरायचीच नाही. 'थांब, बघ, अजून हात लागला नाही, थांब' एवढंच तिला शिकवायचं. चिपमध्ये हे लिहायला वर्गाला दोन रविवार लागले. पहिल्यांदा तारा उलटसुलट जोडल्या गेल्या आणि सिंधूने एका कंदिलाला हात लावताच चारही विझले. स्टेजवर अंधार. धोंडीराम अंधारातून म्हणाले, "बरं झालं, नाटक लवकर संपलं, आता सिन्नरची गाडी गावंल." सिंधू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो. खंडेराव दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "काल तुम्ही हसलात." एवढंच सांगायला आले होते.

आता बरोबर चालतं. तालमी रोज आहेत.

एक विचारतो. तिला त्या वेळी दुखायचं का? तुम्हाला माहीत असेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

प्रयोगाला यायचा आग्रह आता करत नाही. तेरा डिसेंबरला आहे.

आपला,
दिवाकर


कळवण,
१६ डिसेंबर १९८६

श्री. दिवाकरराव यांस,
सप्रेम जयभीम.

मी प्रयोगाला आले होते. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण दारापर्यंत येऊन परत फिरले असते तर तुमच्यासमोर नको होतं. शेजारच्या बाईंना आईपाशी बसवून आले, मैत्रिणीकडे उतरले, आणि मागच्या बाजूची खुर्ची घेतली. तुम्ही विंगेत होता. एकदा तुमचा हात दिसला, वायर सरळ करताना. प्रयोगानंतर भेटायला यावं असं होतं, पण सगळी मंडळी तुमच्याभोवती होती, आणि तुम्ही बोलत होता. मला ते मोडवेना. सकाळच्या गाडीने परत आले.

आधी तुमच्या प्रश्नाचं. दुखतं असं ती मला कधी म्हणाली नाही. धाप लागते, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, असं म्हणायची. दुखत असेल आणि सांगितलं नसेल, असंही होऊ शकतं. मला नक्की माहीत नाही. तुम्ही खरं विचारलंत म्हणून एवढंच लिहिते.

पहिले दोन अंक मी खाली मान घालूनच काढले. सिंधू बोलायला लागली की कान सरूचा आवाज शोधायचे आणि मग मला स्वतःचाच राग यायचा. शेवटच्या प्रवेशाला मात्र वर बघितलं.

ती पोरगी चालत आली ती सरळ कंदिलापाशी. वाक्य बोलली, हात लावला, कंदील गेला, आणि ती निघाली. तिच्या मागे अंधार आणि ती पुढे. दुसरा गेला. तिसऱ्यापाशी मी श्वास धरून बसले होते. ती थांबलीच नाही. घरातली आवराआवर करणारी बाई जशी एका कामावरून दुसऱ्याकडे जाते तशी गेली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला, पण मला रडू आलं नाही. मला वाटलं, सरूला श्वास पुरला असता तर तिने हे असंच केलं असतं. ती मुळात अशीच होती.

तुम्ही तिला तापानंतर पाहिलंत. आठ-नऊ वर्षांची सरू तुम्हाला माहीतच नाही. ती चालायची नाहीच, धावायची. नदीवरून पाणी आणताना मी डोक्यावर हंडा सांभाळत मागे, आणि ही कळशी घेऊन पुढे पळतेय, निम्मं पाणी परकरावर. आई दारातून ओरडायची. ही म्हणायची, अर्धी तर अर्धी, आधी तर आणली!

त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. तिला म्हणावं, छान चाललीस.

तुमची,
लतिकाआक्का


नाशिक रोड,
२२ डिसेंबर १९८६

ती. आक्कांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही आला होता हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भेटला असतात तर बरं झालं असतं. पण मागे बसून पाहिलंत, हेही बरं झालं.

निकाल लागला. अंतिम फेरी मिळाली नाही. सिंधूला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. तुमचा निरोप तिला दिला. ती म्हणाली, "आक्का आहेत कशा? मला भेटायचंय." खंडेराव पुढच्या वर्षी काय बसवायचं याची आत्तापासून भांडणं करत आहेत. जानेवारीत वर्गाची दुसरी तुकडी घेतो आहे. बावीस जणांनी नावं दिली आहेत, त्यातल्या निम्म्यांना धोंडीरामांनी आणलं.

दुखण्याबद्दल तुम्ही सरळ लिहिलंत. तसंच हवं होतं.

आक्का, ती धावायची हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी तिला कधी धावताना पाहिलं नाही. स्टँडवर गाडी डोळ्यांसमोर सुटत असली तरी ती म्हणायची, "जाऊ द्या, दुसरी येईल." मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगत असे, की आमच्या घरात शांत स्वभाव तिचा आहे. आम्ही फलाटावर बसून शेंगा खायचो.

तुम्हाला सवड होईल तेव्हा त्याबद्दल लिहा. नदी घरापासून किती लांब होती, वाट कशी होती, ती कुणाबरोबर पळायची, पडायची का, आई काय ओरडायच्या. आईंनाही विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पत्र मोठं झालं तरी चालेल.

आपला,
दिवाकर